यकृताची शस्त्रक्रिया: रोबोटने की पोट उघडून?

यकृताच्या शस्त्रक्रियेविषयी नाशिक जिल्ह्यातून आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं दिलेली नाहीत.

प्रश्न: वडील ६१ वर्षांचे आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या मोठ्या आतड्याच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. आता यकृतात दोन गाठी निघाल्या: एक डावीकडे टोकाला अडीच सेंटिमीटरची, दुसरी उजवीकडे मागच्या बाजूला दीड सेंटिमीटरची. केमोचे सहा डोस झालेत. एक सर्जन म्हणतात रोबोटने करू, दुसरे म्हणतात पोट उघडूनच करू. खर्चात सव्वादोन लाखांचा फरक आहे. कॅन्सर मुळापासून कशाने जाईल? (सिन्नर)

उत्तर: कॅन्सर जाण्याच्या हिशेबात दोन्ही पद्धती सारख्याच आहेत. गाठीभोवती निरोगी पेशींची किनार, निदान एक मिलिमीटरची, ठेवून गाठ पूर्ण निघाली की काम झालं. ती किनार कोणत्या अवजाराने मिळाली, याने पुढच्या आयुष्यात फरक पडत नाही.

याचा सर्वांत भक्कम पुरावा रोबोटचा नाही, साध्या दुर्बिणीचा आहे. नॉर्वेत ऑस्लोला तुमच्या वडिलांसारख्याच, म्हणजे आतड्यातून यकृतात पसरलेल्या कॅन्सरच्या २८० रुग्णांवर चाचणी झाली. कोणावर दुर्बिणीने आणि कोणावर पोट उघडून शस्त्रक्रिया करायची, ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं होतं. गुंतागुंत दुर्बिणीच्या गटात १९ टक्के आणि उघड्या शस्त्रक्रियेच्या गटात ३१ टक्के रुग्णांना झाली. रुग्णालयातला मुक्काम ५३ तास आणि ९६ तास. पाच वर्षांनी हयात असलेले रुग्ण मात्र ५४ आणि ५५ टक्के, म्हणजे जवळजवळ सारखेच. छोट्या छिद्रांमुळे शस्त्रक्रियेनंतरचे दिवस सोपे जातात, पण आयुष्य वाढत नाही.

रोबोट ही दुर्बिणीचीच पुढची पायरी. तिची उघड्या शस्त्रक्रियेशी केलेली तुलना बहुतेक जुन्या नोंदी चाळून झालेली आहे. त्या नोंदींत रोबोटच्या बाजूला रक्तस्राव कमी, मुक्काम कमी आणि शस्त्रक्रियेचा वेळ जास्त, असंच चित्र पुन्हा पुन्हा दिसतं. पण सोप्या जागची गाठ रोबोटकडे आणि अवघड जागची उघड्या शस्त्रक्रियेकडे जाते, हेही त्या आकड्यांत मिसळलेलं असतं. रोबोट आणि साधी दुर्बीण अशी थेट तुलना करणारी ८० रुग्णांची चाचणी जर्मनीत झाली. तिच्यात पहिल्या तीन महिन्यांतल्या जगण्याच्या दर्जात फरक आढळला नाही.

आता वडिलांच्या गाठींकडे वळू. यकृताचे आठ भाग मानले जातात. प्रत्येकाला रक्ताची आणि पित्ताची स्वतःची फांदी असते, त्यामुळे एक भाग काढला तरी बाकीचे चालू राहतात. डावीकडच्या टोकाचे दोन आणि तीन क्रमांकाचे भाग हाताशी असतात. तिथली गाठ साध्या दुर्बिणीने उत्तम निघते, तिच्यासाठी रोबोटचे जादा पैसे मोजायला आम्ही सांगणार नाही. उजवीकडे मागे, पाठीच्या अंगाला असलेल्या सातव्या भागाची गोष्ट वेगळी. तिथे सरळ दांड्याचं दुर्बिणीचं अवजार कोनात बसत नाही. पोट उघडून जायचं तर बरगड्यांखाली पंचवीस-तीस सेंटिमीटरचा वाकडा छेद घेऊन यकृताची अख्खी उजवी बाजू सुटी करून वर उचलावी लागते. रोबोटच्या अवजाराला टोकाशी मनगट असतं, ते वळून मागे पोचतं. रोबोटचा खरा उपयोग अशा जागी होतो. तेव्हा दोन्ही सर्जनना विचारा, ‘उजवीकडची गाठ नेमकी कितव्या भागात आहे? मोठ्या शिरेपासून किती लांब आहे?’ तुमचं निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

आणखी एक गोष्ट विचारा, कारण ती आपणहून सांगितली जाईलच असं नाही. दीड सेंटिमीटरची गाठ सुई घालून मायक्रोवेव्हने जाळता येईल का? आतड्यातून पसरलेल्या, तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींसाठी जाळणं हे कापण्यापेक्षा कमी पडत नाही, असं नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. डावी गाठ दुर्बिणीने काढायची आणि उजवी त्याच भुलेत जाळायची, हा मार्ग बसत असेल तर तो दोन्ही सल्ल्यांपेक्षा स्वस्त आणि सौम्य पडेल. गाठ मोठ्या पित्तनळीला किंवा जाड रक्तवाहिनीला चिकटून असेल तर मात्र तो चालत नाही. पित्तनळी भाजते, आणि वाहतं रक्त उष्णता पळवून नेत असल्याने गाठीची कड जिवंत राहते.

केमोनंतर साधारण चार ते सहा आठवडे थांबतात. केमोसोबत बेव्हॅसिझुमॅब हे इंजेक्शन चालू असेल तर शेवटच्या डोसनंतर सहा आठवडे, कारण ते औषध जखम भरू देत नाही. केमोच्या औषधांपैकी ऑक्झॅलिप्लॅटिनने यकृत निळसर होऊन लवकर रक्ताळतं. इरिनोटेकॅनने ते पिवळं, चरबीने भरलेलं होतं. केमोचा कागद शस्त्रक्रियेच्या दिवशी सर्जनच्या हातात असलाच पाहिजे. केमोने लहान गाठ स्कॅनमध्ये दिसेनाशी झाली तरी ती बऱ्याचदा जिवंत असते. उघड्या शस्त्रक्रियेत सर्जन यकृत बोटांत धरून चाचपतो. रोबोटमध्ये हाताला स्पर्श नाही, म्हणून यकृतावर सोनोग्राफीचं टोक फिरवून गाठ शोधावी लागते. ती सोय नसेल तर त्या ठिकाणी रोबोटने करून घेऊ नका.

प्रश्न: परदेशात रोबोटचा खर्च शेवटी सारखाच पडतो, कारण पेशंट लवकर घरी जातो, असं आम्हाला समुपदेशकांनी सांगितलं. हे खरं आहे का? कोटेशनमध्ये काय तपासायचं? विमा पाच लाखांचा आहे. (कॉलेज रोड)

उत्तर: तिथे हे बऱ्याच अंशी खरं आहे, नाशिकमध्ये नाही. कारण सरळ आहे. तिकडे खाटेचा एक दिवस प्रचंड महाग असतो, म्हणून दोन दिवस वाचले की अवजारांचा खर्च भरून निघतो. वर सांगितलेल्या ऑस्लोच्या चाचणीत दोन्ही गटांचा खर्च सारखा आला तो याचमुळे, आणि तिथेही रोबोट नव्हता, दुर्बीण होती. आपल्याकडे खाट स्वस्त आहे, पण रोबोटची बहुतेक अवजारं परदेशातून येतात.

आकडे मांडून बघू. हे मानलेले आकडे आहेत, तुम्ही तुमच्या कोटेशनमधले घाला. समजा रोबोटचा जादा आकार दोन लाख. वॉर्डातला एक दिवस औषधांसकट दहा हजार, तीन दिवस वाचले, तीस हजार. आयसीयूचा एक दिवस वाचला, पंचवीस हजार. कमावता माणूस महिनाभर आधी कामाला लागला, त्याचे पंचवीस हजार. बेरीज ऐंशी हजार. उरलेले एक लाख वीस हजार तुम्ही कमी वेदना, लहान व्रण आणि पुढे हर्नियाचा कमी धोका यांसाठी देता. ते देण्यासारखे असतात, ऐपत असेल तर. कर्ज काढून देण्यासारखे बहुतेक वेळा नसतात.

हा जादा आकार येतो कुठून? यंत्राची किंमत कोटींत, वर दरवर्षीचा देखभालीचा करार. शिवाय दा विंची या परदेशी रोबोटच्या प्रत्येक अवजारात चिप असते. ती वापर मोजते आणि अवजारानुसार साधारण दहा ते अठरा वापरांनंतर ते अवजार बंद पडतं, धार शिल्लक असली तरी. अशी चार-पाच अवजारं एका शस्त्रक्रियेत लागतात. ज्या रुग्णालयात यंत्र रोज चालतं तिथे हा भार अनेकांत वाटला जातो. आठवड्यातून एकदा चालतं तिथे तो तुमच्या बिलावर येतो. गुरुग्रामला बनलेला मंत्रा हा देशी रोबोट आल्यापासून किमतीची स्पर्धा सुरू झाली आहे. पण यकृतासाठी तो वापरणाऱ्या सर्जनचा त्याच यंत्रावरचा अनुभव विचारून घ्या.

कोटेशनमध्ये आम्ही पहिल्यांदा स्टेपलरची ओळ बघू. यकृतातल्या जाड शिरा स्टेपलरने तोडतात. दर वेळी नवं काडतूस लागतं आणि ते महाग असतं. ‘पॅकेजमध्ये किती काडतुसं धरली आहेत, वरच्या प्रत्येकाचे किती?’ हे लेखी घ्या. तसंच यकृत कापण्याचं हार्मोनिक किंवा व्हेसल सीलर एकदाच वापरायचं असतं, ते धरलंय का ते बघा. रक्ताच्या पिशव्या, काढलेला तुकडा गोठवून केलेली तातडीची तपासणी आणि शेवटचा पॅथॉलॉजी रिपोर्ट बहुधा पॅकेजबाहेर असतो.

आणि हा प्रश्न सोडू नका: रोबोटने सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर बिल कोणतं? उघडावं लागणं हा दोष नाही. रक्तस्राव थांबेना किंवा गाठीची कड सापडेना, तर उघडणारा सर्जनच शहाणा. पण अशा वेळी रोबोटचा पूर्ण आकार आणि उघड्या शस्त्रक्रियेचाही आकार, असे दोन्ही लागू शकतात. ते आधीच ठरवून घ्या.

विम्याचं असं की आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेच्या २०१९ च्या नियमांनी रोबोटिक शस्त्रक्रिया पॉलिसीतून वगळता येत नाही, पण कंपनी तिच्यावर उपमर्यादा घालू शकते. पॉलिसीत ‘आधुनिक उपचार’ असं शीर्षक शोधा. तिथे विमा रकमेची टक्केवारी किंवा ठरावीक रक्कम असेल. पाच लाखांची पॉलिसी असून रोबोटसाठी त्यातले अडीचच लाख मिळणार, हे दाखल झाल्यावर कळतं, तेव्हा फार उशीर झालेला असतो. खोलीचं भाडंही मर्यादेत ठेवा. महागडी खोली घेतली की सर्जनच्या आणि थिएटरच्या आकारातूनही त्या प्रमाणात कपात होते. औषधं, वापरून टाकायच्या वस्तू, तपासण्या आणि आयसीयूच्या आकाराला ही कपात लागत नाही.

खर्च खरा वाढवते ती गुंतागुंत. पित्त गळलं, पोटात पू झाला, यकृत मंदावलं, तर आयसीयूचे पंधरा दिवस रोबोटचा फरक केव्हाच गिळून टाकतात. म्हणून यंत्रापेक्षा रुग्णालय निवडा: रक्तपेढी जवळ आहे का, रात्री-अपरात्री नळी घालणारे इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट आहेत का, दुर्बिणीने पित्तनळीत स्टेंट घालण्याची सोय तिथेच आहे का. सर्जनना विचारा, ‘गेल्या वर्षी यकृताच्या किती शस्त्रक्रिया केल्यात, त्यांतल्या रोबोटने किती, आणि किती वेळा पोट उघडावं लागलं?’ हा प्रश्न विचारण्यात उद्धटपणा नाही. ज्यांच्याकडे उत्तर तयार असतं त्यांना तो आवडतो.

प्रश्न: आमच्याकडे जन आरोग्य योजनेचं कार्ड आहे. त्यात रोबोटने होईल का? (निफाड)

उत्तर: महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. पण रोबोटचे वेगळे पैसे त्यातून मिळतील असं धरून चालू नका. योजनेत उघडी शस्त्रक्रिया चांगल्या हातांनी होत असेल तर ती नि:शंक करून घ्या, त्यात तुम्ही काही कमी घेत नाही. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून पूर्वपरवानगी येईपर्यंत आगाऊ रक्कम भरू नका. कुणी मागितली तर १५५३८८ वर तक्रार करा. कार्ड चालत नसेल तर धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवकांना भेटा. अशा रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या असतात. मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयातही सर्वसाधारण विभागाचे दर वेगळे आहेत. तिथे जाताना स्कॅनची सीडी आणि पॅथॉलॉजीचे ब्लॉक (मेणात जपलेले गाठीचे तुकडे) बरोबर न्या, नुसते रिपोर्ट पुरत नाहीत.

प्रश्न: नवऱ्याला हेपॅटायटिस बी आहे, लिव्हर सिरोसिसचं निदान झालंय. आता उजवीकडे चार सेंटिमीटरची गाठ आहे. एका ठिकाणी पोट उघडायला नको म्हणाले, रोबोटच हवा. हा पैशांसाठीचा सल्ला तर नाही ना? (पंचवटी)

उत्तर: नाही, ताई, इथे या सल्ल्याला आधार आहे. सिरोसिसमध्ये यकृतातून रक्त नीट पुढे जात नाही, म्हणून ते पोटाच्या भिंतीतल्या बारीक शिरांतून वाट काढतं. मोठा छेद या वाटाच कापतो. मग शस्त्रक्रियेनंतर पोटात पाणी साठतं, टाक्यांतून झिरपतं, मूत्रपिंडावर ताण येतो. छोट्या छिद्रांनी त्या शिरा बऱ्याच वाचतात. सिन्नरच्या वाचकांना जे सांगितलं त्यापेक्षा इथे रोबोटच्या किंवा दुर्बिणीच्या बाजूने आमचं मत जास्त झुकतं.

पण रोबोट की उघडी हा तुमच्यापुढचा पहिला प्रश्नच नाही. आधी ठरवायचं ते हे, की कापणं झेपेल का. सिरोसिस किती वाढलाय ते सांगणारा चाइल्ड-पग गट ‘ए’, म्हणजे सगळ्यात सौम्य, असावा. प्लेटलेट लाखाच्या खाली आणि अन्ननलिकेत फुगलेल्या शिरा असतील तर मोठा भाग काढणं धोक्याचं. निरोगी यकृताचा पंचवीस टक्के भाग उरला तरी माणूस तरतो. सिरोसिसमध्ये निदान चाळीस टक्के उरावा लागतो, आणि तो सी.टी.वर मोजून बघतात. हा आकडा मागा. कमी भरत असेल तर काढायच्या बाजूला आतड्यांकडून रक्त आणणारी पोर्टल शीर आधी बंद करून दुसरी बाजू वाढायला चार ते सहा आठवडे देतात.

एकच गाठ, पाच सेंटिमीटरच्या आत: हे यकृत प्रत्यारोपणाच्या निकषांत बसतं. गाठ काढली तरी सिरोसिस राहतो आणि त्यातून पुढे नवी गाठ होऊ शकते, म्हणून प्रत्यारोपण करणाऱ्या केंद्रात एक मत घ्याच, भले शेवटी शस्त्रक्रिया नाशिकलाच करा. हेपॅटायटिस बीची टेनोफोव्हिर किंवा एन्टेकॅव्हिर ही गोळी चालू असेल तर एकही दिवस चुकवू नका. शस्त्रक्रियेच्या गडबडीत ही गोळी हमखास राहते आणि विषाणू उसळतो. घरातल्या सगळ्यांची हेपॅटायटिस बीची तपासणी आणि लसीकरण झालंय का, तेही पाहा.

प्रश्न: माझी रोबोटने उजवीकडची लिव्हरची शस्त्रक्रिया होऊन आठ दिवस झाले. नळीसकट घरी सोडलंय. नळीतलं पाणी आधी लालसर होतं, काल दुपारपासून हिरवट-पिवळं येतंय. खांदा दुखतो. माझी द्राक्षबाग आहे, गोडी छाटणी तोंडावर आलीय. कधी उभं राहता येईल? (पिंपळगाव बसवंत)

उत्तर: हिरवट पाणी हे पित्त असू शकतं. पत्राला उत्तर येईपर्यंत थांबण्यासारखी ही गोष्ट नाही, त्यामुळे तुम्हाला फोनवर कळवलं आहे. इतरांसाठी इथे देतो.

लालसर पाणी दिवसागणिक फिकट, गव्हाळ होत जाणं ही बरी खूण. ते हिरवं किंवा गडद पिवळं झालं तर त्याच दिवशी सर्जनना कळवावं. पिशवीतलं थोडं पाणी आणि रक्त एकाच वेळी बिलिरुबिनसाठी, म्हणजे पित्तातल्या पिवळ्या रंगद्रव्यासाठी, तपासतात. तिसऱ्या दिवसानंतर पाण्यातलं बिलिरुबिन रक्ताच्या तिप्पट किंवा जास्त असेल तर ती पित्ताची गळती. रोबोटने केलं म्हणून ती टळत नाही, कारण यकृताच्या कापलेल्या पृष्ठभागावर बारीक पित्तनळ्यांची तोंडं असतातच. बहुतेक गळती नळी नीट वाहती ठेवली की आपोआप थांबते. थांबली नाही तर दुर्बिणीतून पित्तनळीत स्टेंट घालतात, म्हणजे पित्ताला आतड्याकडे सोपी वाट मिळते. नळी ओढून काढू नका, पिशवी कमरेच्या वर उचलू नका. रोज एकाच वेळी मोजून वहीत लिहा: किती मिली, कोणता रंग. थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणं, पोट फुगणं, किंवा रोज वाहणारी नळी अचानक कोरडी पडून दुखायला लागणं, यातलं काहीही झालं तर रात्र असली तरी रुग्णालय गाठा. कोरडी नळी म्हणजे गळती थांबली असं नसतं. नळी तुंबून पित्त आत साठत असू शकतं.

खांदादुखी शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात भरलेल्या वायूची असते, पण ती दोन-तीन दिवसांत ओसरते. आठव्या दिवशी उजवा खांदा दुखत असेल तर छाती आणि पोटामधल्या पडद्याखाली पाणी साठलंय का, हे सोनोग्राफीत बघायला हवं.

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल दिवसाला दोन ग्रॅमच्या वर नको, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या. सर्दीच्या गोळीतही ते असतं, तीही यात मोजा. कॅन्सरसाठी शस्त्रक्रिया झाली असेल तर रक्त पातळ ठेवण्याचं इंजेक्शन बहुधा चार आठवडे चालतं. पोटाला टोचायचं ते बरं वाटतंय म्हणून मध्येच बंद करू नका.

बागेत फिरायला, मजुरांना सांगायला गळती थांबल्यावर हरकत नाही, रोज थोडं चाललेलं चांगलंच. पाठीवरचा पंप मात्र भरल्यावर वीस किलोच्या आसपास जातो. गाठ बाहेर काढायला तुमच्या ओटीपोटात सहा-सात सेंटिमीटरचा छेद घेतला असेल, हर्निया झालाच तर तिथे होतो. सहा आठवडे पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, क्रेटही नाही. उघडी शस्त्रक्रिया झालेल्यांनी हे आठ ते बारा आठवडे पाळावं. या छाटणीला पंप दुसऱ्याच्या पाठीवर द्या.